मैदानावरचा मुका मार

आज २३ जून. भारतीय फुटबॉलचे ‘पीके’, म्हणजे प्रदीपकुमार बॅनर्जी, हयात असते तर आज त्यांना ९० वर्षं पूर्ण झाली असती. त्यांचा वाढदिवस अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ‘ग्रासरूट्स डे’ म्हणून, तळागाळातल्या मुलांच्या फुटबॉलचा दिवस म्हणून ठरवून दिला आहे. यंदा त्याला विश्वचषकाची साथ आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या सामन्यांसाठी इकडची पोरं रात्र रात्र जागतात आणि सकाळी डोळे चोळत शाळेत जातात. त्यात पुणे जिल्ह्यातल्या मावळात हे दिवस पावसाचे. क्रिकेटवाले ओल्या पिचकडे बघून हळहळतात. फुटबॉलला चिखल वर्ज्य नाही. तळेगाव-वडगावकडे टर्फवर तासाच्या भाड्याने, लोणावळ्यात शाळेच्या पटांगणात, नाणे मावळात आणि आंदर मावळात गावाबाहेरच्या माळावर, जागा मिळेल तिथे चेंडू फिरत असतो. पीकेंची आठवण काढायला याहून चांगला मोसम नाही. आणि एक अवघड प्रश्न विचारायलाही.

पीके कोण, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत फुटबॉलमध्ये चौथा आला, त्या संघात ते होते. आसगावचा मूळ गोवेकर आणि मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेला नेव्हिल डिसूझाही त्याच संघात होता. यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल ठोकले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. १९६० मध्ये रोमला पीके कर्णधार होते आणि फ्रान्सला बरोबरीत रोखणारा गोल त्यांचाच होता. पुढे प्रशिक्षक म्हणून ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही हाडवैरी संघांना त्यांनी घडवलं. सामन्याआधी खेळाडूंना पेटवणारं त्यांचं बोलणं कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ म्हणून ओळखलं जायचं. १९७७ मध्ये पेले कॉसमॉस संघ घेऊन ईडन गार्डन्सवर आला आणि मोहन बागानने त्या संघाला २-२ असं रोखलं, तेव्हा बागानचे प्रशिक्षक पीकेच होते.

पण पीकेंचं नाव निघालं की जुने चाहते हमखास वळतात ते ४ सप्टेंबर १९६२ कडे. जकार्ता, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. राजकीय वादामुळे यजमान प्रेक्षक भारताच्या विरोधात खवळलेले. भारत २-१ ने जिंकला. पहिला गोल पीकेंचा, दुसरा जर्नैलसिंगचा. जर्नैल खरा बचाव फळीतला गडी. थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी तरीही त्याला पुढे आघाडीवर खेळवलं. पठ्ठ्याने उपांत्य सामन्यात गोल केला आणि अंतिम सामन्यातही केला. रहीम यांच्यावरचा ‘मैदान’ हा चित्रपट २०२४ मध्ये आला आणि ही गोष्ट नव्या पिढीलाही माहीत झाली. फुटलेल्या डोक्यानिशी देशासाठी उतरलेला खेळाडू! अंगावर काटा यावा असाच तो प्रसंग आहे. त्या सुवर्णपदकानंतर आशियाई स्पर्धेचं फुटबॉलचं सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेलं नाही, म्हणून तर तो आणखीच जपून ठेवलेला.

जर्नैलसिंगच्या जिगरीला कुणी नाव ठेवू नये. १९६२ मध्ये मेंदूच्या दुखापतीबद्दल जगालाच फारसं माहीत नव्हतं आणि राखीव खेळाडू बदलून घ्यायची सोयही आजच्यासारखी नव्हती. प्रश्न आपला आहे. आज, सगळं माहीत झाल्यावरही, गावच्या मैदानावर आपण तोच कित्ता मुलांना गिरवायला लावतो का?

काय माहीत झालं आहे, ते आधी पाहू. इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच संघाचा जेफ ॲसल हा हेडरसाठी गाजलेला आघाडीवीर. तो २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी गेला. शेवटच्या काळात त्याला स्वतःची कारकीर्दही आठवत नव्हती. मृत्यूच्या चौकशीत निष्कर्ष निघाला, ‘व्यवसायजन्य आजार’. खाणीतल्या कामगाराच्या फुफ्फुसांना जशी धूळ, तसा याच्या मेंदूला चेंडू. २०१४ मध्ये त्याच्या मेंदूची पुन्हा तपासणी झाली तेव्हा ‘सीटीई’ हा आजार आढळला. वारंवारच्या आघातांनी मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं आणि वर्षानुवर्षांनी स्मरणशक्ती, स्वभाव, तोल सगळं ढासळतं. त्याचं खात्रीचं निदान अजून तरी मृत्यूनंतरच होतं. १९५८ मध्ये विश्वचषक दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरणारा ब्राझीलचा कर्णधार बेलिनी आठवा. आज प्रत्येक विजेता कर्णधार त्याचीच नक्कल करतो. २०१४ मध्ये तो वारला आणि त्याच्याही मेंदूत हेच सापडलं.

१९६६ चा इंग्लंडचा विश्वविजेता संघ घ्या. रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, जॅक चार्ल्टन आणि बॉबी चार्ल्टन. अंतिम सामन्यातल्या ११ पैकी या पाच जणांना उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये बॉबी चार्ल्टन गेले तेव्हा चाहत्यांच्या आठवणींत त्यांच्या गोलांइतकीच ही गोष्टही होती. आपल्याला मान मिळवून देणाऱ्या माणसांना त्या मानाचं स्मरणही उरू नये, ही कसली किंमत, असं लोक विचारू लागले.

अर्थात, पाच नावांवरून शास्त्र ठरत नाही. म्हणून ग्लासगो विद्यापीठातले डॉ. विली स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सुमारे २३,००० सामान्य पुरुषांशी केली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचा धोका खेळाडूंमध्ये साधारण साडेतीन पट. पुढच्या अभ्यासात आणखी बारकावा दिसला. बचाव फळीतल्यांना, म्हणजे उंच चेंडू डोक्याने परतवणाऱ्यांना, धोका सर्वांत जास्त, जवळपास पाच पट. गोलरक्षकांचा धोका मात्र सामान्य माणसाच्या आसपासच. एकाच मैदानावर, एकाच संघात खेळणाऱ्यांमध्ये हा फरक पडत असेल तर संशयाचं बोट हेडरकडे जाणारच.

पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. हृदयविकार आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांनी हे खेळाडू इतरांपेक्षा कमी दगावले आणि सरासरीने काही वर्षं जास्तच जगले. साडेतीन पट हा आकडा धडकी भरवतो, पण मूळ प्रमाण बघितलं तर अशा आजारांनी मृत्यू झालेले सामान्यांत ०.५ टक्के होते आणि खेळाडूंत १.७ टक्के. शिवाय ते सगळे पेशाने खेळणारे, हजारो हेडर मारलेले पुरुष. आठवड्यातून दोनदा टर्फवर जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. ‘फुटबॉल नको, त्यापेक्षा मोबाइल परवडला’ असं या अभ्यासावरून कुणी म्हणत असेल तर त्याने तो उलटा वाचला.

पीकेंच्या बाबतीतही जपून बोलायला हवं. २० मार्च २०२० ला ते गेले तेव्हा न्यूमोनियाबरोबर पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंशाचाही उल्लेख झाला. ते बगलेवरून धावणारे खेळाडू होते आणि ८३ वर्षांचे होते. या वयात हे आजार चेंडूला कधीही डोकं न लावलेल्यांनाही होतात. एका माणसाच्या आजाराचं खापर खेळावर फोडणं चूक आहे. चुकीचं नाही ते एवढंच, की आपल्या मोठ्या खेळाडूंचं म्हातारपण कसं गेलं, याची विचारपूस जयंती-पुण्यतिथीच्या पलीकडे व्हावी.

जुन्या खेळाडूंचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ‘आमच्या वेळी कातडी बॉल होता. पावसात भिजला की दगड व्हायचा. आताचा बॉल हलका, त्याने काय होतंय?’ निम्मं खरं. लोणावळ्याच्या पावसात कातडी चेंडूचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. पण कोरड्या चेंडूचं नियमातलं वजन तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. आजही ते ४१० ते ४५० ग्रॅम आहे. आताचा चेंडू पाणी पीत नाही, एवढाच फायदा. त्या बदल्यात तो वेगाने येतो. दुसरा युक्तिवाद असा, की हेडर काढला तर फुटबॉलची मजा काय उरली? पण मोठ्यांच्या फुटबॉलमधून हेडर काढायला कोणीच सांगत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि इंग्लंडने २०२० मध्ये मर्यादा घातल्या त्या आधी लहान मुलांच्या सरावावर. कारण साधं आहे. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक. कपाळाने, मान ताठ ठेवून, चेंडूवर नजर ठेवून मारायचा हेडर तो डोळे मिटून टाळूवर घेतो. त्या वयात पायाची करामत शिकावी, डोक्याची नंतर.

हेडरचा हिशेब पुढच्या ३० वर्षांचा आहे. आपल्या मैदानावर रोज घडणारी गोष्ट मात्र त्याहून तातडीची आहे. कॉर्नर येतो, दोघे उडी मारतात, डोक्यावर डोकं आपटतं. एक पोरगा कपाळ धरून खाली बसतो. खेळ थांबतो. कुणीतरी बाटलीतलं पाणी तोंडावर मारतं, कुणी मान चोळतं. एक जण तीन बोटं नाचवत विचारतो, ‘किती?’ पोरगा म्हणतो, ‘तीन.’ बाहेरून आवाज येतो, ‘काय नाय झालं, ऊठ!’ टाळ्या पडतात, पोरगा उठतो आणि सामना सुरू होतो. रक्त आलं असतं तर त्याला बाहेर नेलं असतं. हाड मोडलं असतं तर दुचाकीवर मध्ये बसवून दवाखाना गाठला असता. पण हा मुका मार. दिसत नाही, म्हणून नाही.

कवटीत मेंदू घट्ट बसवलेला नसतो. करवंटीपासून सुटलेला खोबऱ्याचा गोटा नारळ हलवला की जसा आत आपटतो, तसा जोरदार हिसक्याने मेंदू हलतो. याला डॉक्टर कंकशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही; बहुतेक वेळा शुद्ध हरपतच नाही. डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, उजेड-आवाज सोसत नाही, समोरचं दोन दोन दिसतं, किंवा नुसतंच पोरगं ‘हरवल्यासारखं’ वागतं. बहुतेक मुलं विश्रांतीने पूर्ण बरी होतात. खरा घात होतो तो मेंदू सावरायच्या आत दुसरा फटका बसला तर. मेंदूला झपाट्याने सूज येते आणि क्वचित, पण विशेषतः लहान वयात, जीवच जातो. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा रग्बीच्या एकाच सामन्यात डोक्याला मार लागूनही पुन्हा पुन्हा खेळत राहिला आणि दगावला. वरून न दिसणारा मार किती फसवा असतो, याचं आपल्याकडचं उदाहरण क्रिकेटचं आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात शॉर्ट लेगला हेल्मेटविना उभ्या असलेल्या रमण लांबाच्या डोक्याला चेंडू लागला. तो स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

म्हणूनच ‘खेळतोस का?’ हा आपल्या मैदानांवरचा सर्वांत घातक प्रश्न आहे. पाय मुरगळला तर तो प्रश्न ठीक, कारण पाय दुखतो आणि डोकं निर्णय घेतं. इथे ज्या अवयवाला मार बसला, त्यालाच आपण विचारतो की तुला काही झालंय का! शिवाय विचारतो कुणाला? शाळेच्या संघात पहिल्यांदाच निवड झालेल्या १३ वर्षांच्या मुलाला, ज्याला जागा जायची धास्ती आहे. बाकड्यावरच्या सरांनाही सामना जिंकायचा असतो. बाहेर उभ्या असलेल्या वडिलांनी तर आधीच स्टेटसला फोटो टाकलेला असतो. यातला एकही जण ‘नाही’ म्हणायच्या जागी उभा नसतो. तेव्हा हा निर्णय या सगळ्यांच्या हातून काढून नियमाच्या हाती दिला पाहिजे.

हे दुखणं फुटबॉलपुरतं नाही. मावळात फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त मुलं कबड्डी खेळतात. कोपऱ्यातला गडी चढाई करणाऱ्याचा घोटा धरायला सूर मारतो तेव्हा त्याचं डोकं नेमकं टाचेच्या रेषेत येतं. मांडी पकडायला घुसणाऱ्याच्या कानशिलावर गुडघा बसतो. आठ-दहा दिवसांवर दुसऱ्या गावची स्पर्धा असते आणि तोच गडी तिथे पुन्हा सूर मारतो. दहीहंडीच्या थरांवरून पडणाऱ्यांची दरवर्षीची गोष्ट वेगळी काढून सांगायला नको. डोक्याला जपणं म्हणजे नामर्दपणा, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली. हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्याने जेवढी शक्ती खर्च केली, तेवढी क्वचितच कशासाठी केली असेल.

आता स्पर्धांकडे बघा. पेठेपेठेत तालमींचे संघ असणाऱ्या कोल्हापुरापासून मावळातल्या गावापर्यंत ‘भव्य चषक’ भरवायची हौस दांडगी. फ्लेक्सवर वीस चेहरे असतात, बाकड्यावर एक डॉक्टर नसतो. प्रत्येक सामन्याला मेंदूविकारतज्ज्ञ आणा, असं कुणी म्हणणार नाही. म्हटलं तर खेळच बंद पडतील. जे करायचं ते फुकट किंवा जवळपास फुकट आहे. पंच, पीटीचे सर आणि संघांचे कप्तान यांना एक संध्याकाळ बसवून कंकशनची लक्षणं सांगायला तालुक्यातला कुठलाही डॉक्टर तयार होईल. ‘किती बोटं?’ ऐवजी पाच प्रश्न विचारा. आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? मागचा सामना कुणाशी होता? तो आपण जिंकलो का? एका जरी उत्तरात गडबडला तरी मुलगा बाहेर. सगळी उत्तरं बरोबर आली पण डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणाला, तरीही बाहेर. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइलही बेताने. मग चालणं, हलकं धावणं, चेंडूचा सराव, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सामना, अशा पायऱ्यांनीच परत आणा. पुन्हा पुन्हा उलटी होत असेल, डोकेदुखी वाढत असेल, गुंगी येत असेल, झटका आला असेल किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील तर वाट न बघता १०८ ला फोन. शनिवार-रविवारी लोणावळ्याचा रस्ता पर्यटकांनी कसा तुंबतो, ते इथल्यांना ठाऊक आहे. आतल्या मावळातून तर हायवे गाठायलाच वेळ जातो. म्हणून स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच कुठल्या रुग्णालयात सीटी स्कॅन होतो आणि कुणाची गाडी उभी राहील, हे लिहून ठेवलेलं असावं.

मोठ्या फुटबॉलनेही आता हे मान्य केलं आहे. कंकशनचा संशय आला तर ठरलेल्या बदली खेळाडूंव्यतिरिक्त एक जादा बदली देण्याची मुभा २०२४ पासून खेळाच्या नियमांतच आहे. क्रिकेटमध्ये तशी सोय २०१९ पासून. यातलं मर्म आपल्या गावच्या स्पर्धांनी उचलावं. मार लागलेल्याला बाहेर काढलं की संघ एका गड्याने कमी होत असेल, तर कुणीच त्याला काढणार नाही. बदली फुकट मिळाली की लपवण्याचं कारण उरत नाही.

शरीराच्या बाबतीत ‘असंच चालत आलंय’ यावर न थांबता तपासून बघायची परंपरा खुद्द लोणावळ्याची आहे. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी इथे कैवल्यधाम काढलं. योगाचे चमत्कार सांगणाऱ्यांची तेव्हाही कमी नव्हती. पण व्यायामाचे धडे गिरवलेल्या या माणसाने आसनं आणि क्रिया प्रयोगशाळेत नेल्या, क्ष-किरणांनी तपासल्या आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. श्रद्धा होती, म्हणूनच तपासण्याची तयारी होती. खेळावर आपलं प्रेम असेल तर त्यानेही तेवढी तयारी दाखवावी.

पीके, जर्नैलसिंग, नेव्हिल यांच्या गोष्टी मुलांना सांगितल्याच पाहिजेत, जकार्ताच्या टाक्यांसकट. फक्त शेवटी एक वाक्य जोडावं, की आज जर्नैल खेळत असता तर त्याला खाली बसवलं असतं आणि त्यात त्याचा काही कमीपणा झाला नसता. या पावसाळ्यात तालुक्यात भरणाऱ्या प्रत्येक स्पर्धेच्या नियमपत्रिकेत एक ओळ छापावी: डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, त्याच्या जागी बदली मिळेल, पंचाचा निर्णय अंतिम. ओळ छापायला खर्च नाही. पाळायला मात्र हिंमत लागेल. तिची कसोटी साखळी सामन्यात लागणार नाही. ती लागेल अंतिम सामन्यात, बरोबरी असताना, गावचा सर्वांत चांगला खेळाडू ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून हट्ट धरेल आणि मैदानाभोवतीचं सगळं गाव त्याच्या बाजूने ओरडेल तेव्हा. त्या वेळी पंचाच्या पाठीशी जो आयोजक उभा राहील, त्यानेच पीकेंच्या नावाचा दिवस साजरा केला असं म्हणता येईल.